ममताच्या नावातली दोन घुबडं

पिपरी मेघेत आमच्या शेजारी थूल मावशींच्या फाटकावर नावाची पाटी आहे. ती वाचता येणारं माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात एकच, आणि ते फाटकाच्या आत राहतं. पाटीवर एक दोरी, एक पिल्लू आणि एक बसलेला सिंह. कुरियरवाला दर वेळी फोन करून विचारतो, "सर्कसवाल्यांचं घर हेच का?"

मावशी सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाल्या. इतर बायका भजनाला लागल्या, मावशी मोबाइलवर बघून बघून प्राचीन इजिप्तची चित्रलिपी शिकल्या. तेव्हापासून नळाला पाणी येवो न येवो, त्यांचं एकच वाक्य, "इजिप्तात असं चालत नोतं बाप्पा!"

तिकडे म्हणे वाईट शब्दापुढे चिमणी काढायचे. ती वाचायची नाही, नुसती समजून घ्यायची. मावशींनी आपल्या वहीत गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या नावापुढे चिमण्या बसवल्यात. तिकडे मंत्र लिहून, धुऊन, ते पाणी रोग्याला पाजायचे. एकदा माझी उचकी थांबेना, तर मावशींनी ताटलीत हळदीनं काहीतरी खरडलं, धुतलं आणि मला पाजलं. उचकी गेली. "पाण्यानंच गेली असेल," हे मी चिमणीच्या भीतीनं बोललो नाही.

आमच्या पोरीचं, ममताचं, लग्न ठरलं तेव्हा मावशी म्हणाल्या, "दारातली रांगोळी माही." नाही म्हणायची कोणाची छाती होती?

समुद्रपूरहून वऱ्हाड आलं. नवरदेवाची आत्या सगळ्यांत पुढे. तिनं रांगोळीत पाय टाकता टाकता मागे घेतला आणि किंचाळली, "अवं माय! घुबड! एक नाई, दोन दोन!"

बँड थांबला.

"घुबड नोहे ते, 'म' होय," मावशी शांतपणे म्हणाल्या. "ममता. दोन म, दोन घुबडं. मी काय करू?"

"शुभकार्यात कोणी घुबड काढते काय? काऊन काढलं?" आत्याबाईंनी पदर खोचला. "चला रे मागं! गाडी वळवा!"

नवरदेवाचे वडील खरंच गाडीकडे बघू लागले. मी हात जोडून पुढे झालो, पण मावशींनी मला बाजूला सारलं.

"जाजा, पण तुमच्या पोराचं नाव वाचून जाजा. अमोल. हे पाहा, त्याच्यातबी एक हायेच!"

सगळे वाकून बघू लागले. होतं खरं. बटबटीत डोळ्यांचं.

"आणि ह्या घुबडाच्या मागं कोण बसून राह्यलं?" आत्याबाईंनी चष्मा लावला.

"तो ल. सिंह. तुमचा अमोल सिंहावर संपते बाई!"

आत्याबाई सिंहाकडे बघत राहिल्या. मग घोड्यावरून अमोलच ओरडला, "आत्या, तिकडचे दोन, इकडचं एक. जमलं न आमचं! वाजवा रे!" बँडवाल्यांनी एवढ्या जोरात सुरुवात केली की घोडा दचकून मंडपात आधी शिरला. जेवणाच्या पंगतीत आत्याबाई मावशींना खेटून बसल्या होत्या आणि हातावर पेनानं स्वतःचं नाव काढून घेत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाडू घेऊन मी मावशींकडे गेलो. पोरगी सासरी गेल्यामुळे आमचं घर खायला उठलं होतं. मावशी स्वयंपाकघरात होत्या. ओट्यावरच्या भिंतीवर निळ्या रंगात टोपली, पाण्याची लाट आणि एक हात. आता मलाही थोडं कळू लागलं होतं.

"क… न… द," मी वाचलं. "कांदा?"

मावशी हसल्या. पोट धरून हसल्या. मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "कुंदा. माही पोरगी. बारशाच्या आधीच गेली न भाऊ. मी नाव मनात ठरवलं होतं. ह्यायलेबी सांगतलं नोतं. ते तं गेले आता."

मी लाडवांचा डबा ओट्यावर ठेवला.

"तिकडले लोक म्हणत, कोणी नाव घेत राह्यलं का माणूस जित्ता राह्यते. मी घेतो रोज. पण माह्याच तोंडानं किती घेऊ?" त्या थांबल्या. "तुम्ही म्हणा न एक डाव. मोठ्यानं."

"कुंदा," मी म्हणालो. मग पुन्हा, आणखी मोठ्यानं.

मागून माझी बायको आली. "कोण कुंदा?"

"माही पोरगी," मावशी म्हणाल्या, आणि तिच्यासाठी पाट पुढे सरकवला. "बसा न बाई. सांगतो."