उत्तममामांची आजारी बकरी

उत्तममामांची बकरी सात वर्षांपासून आजारी आहे. दर रविवारी तिला वाटूरच्या जनावरांच्या दवाखान्याकडे नेतात, आणि नेणारा माणूस बहुधा नवा असतो.

बकरीला काहीही झालेलं नाही. तालुक्यात तिच्याइतकी तुकतुकीत बकरी शोधून सापडणार नाही. दवाखान्यामागच्या खोलीत रविवारी दुपारी दारू सोडणाऱ्यांची बैठक भरते, आणि तिथवर जाण्यासाठी लाजऱ्या माणसाला निमित्त लागतं. मामा त्याच दवाखान्यातले निवृत्त शिपाई. निमित्त त्यांनीच पाळलंय.

मी कुंभार पिंपळगावच्या शाळेत क्लार्क आहे. पहिल्यांदा वाटूर फाट्यावर उतरलो, तेव्हा पत्ता विचारायची हिंमत होईना. पानटपरीवर विचारावं, तर संध्याकाळपर्यंत बातमी शाळेत. अर्धा तास मी गरज नसलेल्या खताचे भाव विचारत फिरलो. तेवढ्यात साठी ओलांडलेला एक उंच माणूस बकरी घेऊन समोर आला.

"जयभीम पाव्हणं. गाडी बघून राह्यले का बैठक?"

त्यांनी दावं माझ्या हातात दिलं.

"धरा. कुणी इचारलं तर म्हणायचं, खात न्हाई."

वाटेत तिघांनी विचारलं. मी तिघांनाही सांगितलं, खात नाही. बकरी त्या वेळी माझ्या पिशवीचा बंद खात होती.

लोक भोळे नसतात. मामांना कुणी छेडायचं, "काय मामा, सात वर्षं झाली, बकरी सुधरंना?" मामा गंभीरपणे म्हणायचे, "जुनाट दुखणं हाय." पण बकरीचं दावं धरलेली बरीच माणसं प्यायची थांबली, हे बायकांनी हेरलं होतं. एक बाई तर हळदकुंकू घेऊन आली आणि बकरीच्या पाया पडून म्हणाली, "आमच्या ह्यांनला बी एकडाव नेऊ द्या हिला." मामांनी कुंकू पुसलं नाही. नवऱ्याला मात्र पुढच्या रविवारी बोलावून घेतलं.

बैठकीत कुणी कुणाला ओळखायचं नाही, हा मामांचा कायदा. आडनाव नाही, गाव नाही. समोर त्यांचा सख्खा मेहुणा बसलेला असायचा, तरी दर वेळी उभं राहून सांगायचे, "माझं नाव उत्तम."

"माहीत हाय की, दाजी!"

"बाहेर माहीत हाय. इथं बिलकुल न्हाई."

त्या खोलीत मी आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो. वडिलांच्या दहाव्याला सगळे कावळ्याची वाट पाहत होते आणि धाकटा भाऊ माझी. मी नदीकाठी बाभळीखाली पिऊन पडलो होतो. मोठा मुलगा असून. हे सांगितल्यावर वाटलं, आता हे लोक उठून जातील. मामांनी चहाचा कप पुढे केला.

"आज घेतली का?"

"नाही."

"मंग बराबर हाय."

एवढंच. मला त्या माणसाची तेव्हा भीतीच वाटली. चौदा वर्षं थेंब न घेतलेला हा माणूस. त्याला मोह होत नसेल, झोप लागत असेल, त्याचं सगळं निस्तरलं असेल, असंच मी धरून चाललो होतो.

नवव्या महिन्यात मी पुन्हा प्यायलो. एका सहकाऱ्याच्या निरोपाच्या जेवणात. कारण काही नव्हतं, बाटली समोर होती. मग दोन रविवार वाटूरला गेलो नाही. कोणत्या तोंडाने जाणार? तिसऱ्या रविवारी सकाळी बायको आत येऊन म्हणाली, "मामा आलेत."

मामा दारात उभे होते. एकटेच. नवाकोरा पांढरा शर्ट, इस्त्रीच्या घड्या तशाच.

"मामा, माझं चुकलं. मी काल बी..."

"तुझं राहू दे. चप्पल घाल."

"मला न्यायला एवढ्या लांब कशाला आलात?"

"तुला न्यायला न्हाई आलो." त्यांनी चौकट धरून ठेवली होती. "लेकीचं लग्न हाय आज, परतूरला. मला बोलावणं न्हाई. तिच्या आईवर हात उचलायचो, ते पोरीनं बघितलेलं हाय. बराबर हाय तिचं. पण सकाळी शर्ट घातला न् दारूच्या दुकानाच्या पायरीपर्यंत गेल्तो. तिथून पळत जी गाडी दिसली ती धरली, ती तुझ्या गावची निघाली. शाळेचा क्लार्क कुठं ऱ्हातो इचारत आलो. मला बैठकीला घेऊन चल बाबा."

बायकोने पाणी आणून दिलं. मी चप्पल घातली.

वाटूरची गाडी परतूरवरूनच जाते. चढताना मामा म्हणाले, "मला खिडकीला बसव. तू कडंला बस. म्या उठलो तरी उठू देऊ नको."

परतूरच्या स्टँडवर गाडी पंधरा मिनिटं थांबली. लांब कुठेतरी बँड वाजत होता. मामा एकदा अर्धवट उठले, माझ्याकडे पाहिलं आणि परत बसले. कॉलर नीट करत हळूच म्हणाले, "आता पोरीवर फुलं टाकत असतील."

मी दोन्ही गुडघे पुढच्या बाकाला टेकवले आणि गाडी सुटेपर्यंत वाट अडवून बसलो.