उपासाला चालणारी कोंबडी

एका जंगलात सगळ्यांची पोटं बिघडली होती.

खरं सांगायचं तर मुलांनो, आधी ती चांगली होती. पण एक बगळा एका पायावर उभा राहून पोटावर व्याख्यान देऊन गेला आणि दुसऱ्या दिवसापासून जो तो आपलं पोट दाबून बघू लागला. पोट दाबून बघितलं की ते दुखतंच. मागच्या रांगेतला तो, हात खाली घे. गोष्ट संपल्यावर दाब.

तर त्या जंगलात जंबूतात्या नावाचा एक कोल्हा राहत होता. वयानं मोठा होता, म्हणून आपण त्याला अहो-जाहो करू.

तात्या पूर्वी कोंबड्या चोरत. त्यात त्यांचा हातखंडा होता. गावात जायचं, खुराड्याची फळी सरकवायची, मान धरायची आणि घरी यायचं. काम सोपं होतं आणि पोटही भरत असे. पण बगळ्याचं व्याख्यान ऐकल्यापासून त्यांना घास जाईना.

"अगं, ही कोंबडी काय खात होती कुणास ठाऊक," ते काकींना म्हणाले. काकी म्हणजे तात्यांची बायको.

"तिनं काय खाल्लं याच्याशी आपल्याला काय करायचंय? तुम्ही पानात वाढलंय ते खा."

"बगळा म्हणतो, तिच्या पोटात जे जातं तेच शेवटी आपल्या पोटात जातं."

"बगळा मासे खातो. मासे काय खातात, ते विचारलंत का त्याला?"

तात्यांनी विचारलं नव्हतं. व्याख्यान फार आवडलं की माणसं प्रश्न विचारत नाहीत. कोल्हेही विचारत नाहीत.

त्यांनी ठरवलं, यापुढे कोंबडी घरीच वाढवायची. मग ते गावात गेले आणि टोपलीभर पिवळी पिल्लं घेऊन आले. पिल्लंही चोरलेलीच होती. पण वाढणार घरी, म्हणून ती घरची, असं तात्यांचं म्हणणं होतं.

खाद्याची रीत बगळ्यानंच सांगितली होती. मका, बाजरी, ज्वारी भरडायची. थोडी शेंगदाण्याची पेंड घालायची. सगळं बादलीत भिजवायचं, वर पाणी राहील असं, आणि झाकून ठेवायचं. सकाळ-संध्याकाळ ढवळायचं. बुडबुडे आले आणि आंबूस वास सुटला की खाद्य तयार. त्यातलं थोडं पाणी विरजण म्हणून मागे ठेवायचं आणि त्याच्यावर पुढची बादली लावायची. तुमच्या घरी इडलीचं पीठ आंबवतात, तसंच.

हवेत गारठा आला तेव्हा तात्यांनी बादलीला काकींची शाल गुंडाळली. काकी कोपऱ्यात कुडकुडत बसल्या आणि बादली उबेत राहिली.

खाद्य बरोबर आंबलं की नाही, हे चाखल्याशिवाय कसं कळणार? म्हणून तात्या चाखत. एक चमचा कोंबड्यांच्या वतीनं आणि एक स्वतःच्या. थोड्याच दिवसांत त्यांच्या अंगावरची लव चकाकायला लागली. तात्यांना स्वतःचा फार अभिमान वाटू लागला, आणि मग ते सांगत सुटले.

हरणं पाण्यावर आली की तात्या तिथं हजर. "कोवळं गवत खाता? कच्चंच? आंबवून बघा एकदा." हरणं आजवर फक्त वाघाला बघून पळत. आता ती तात्यांना बघूनही पळायला लागली.

सकाळी उठून तात्या आधी कोंबड्यांची शीट बघत. घट्ट आहे की पातळ, याच्यावर त्यांचा दिवस चांगला जायचा की वाईट, ते ठरे. कुणी वाटेनं जाताना दिसलं की त्यालाही हाक मारत.

"या, वास घ्या. घ्या की! येतोय का काही? नाही ना? आंबवण्याचा गुण!"

पिल्लं भराभर वाढली. पांढरी, गोल आणि मऊ झाली. त्यांच्यात सगुणा नावाची एक कोंबडी होती आणि ती विचारी होती. तेवढंच तिचं दुर्दैव. तिला उन्हात पंख पसरून मातीत लोळायला फार आवडायचं. एक दिवस लोळता लोळता तिला प्रश्न पडला.

"तात्या, तुम्ही आमचं एवढं का हो करता?"

तात्या चोर होते, पण खोटारडे नव्हते. "तुम्हाला खायचंय म्हणून, बाळ," ते प्रेमानं म्हणाले.

सगुणा ताडकन मातीतून उठली. ती धावत बहिणींकडे गेली. त्या बादलीत चोची बुडवून उभ्या होत्या.

"अगं, ऐकलंत का? हा आपल्याला खाणार आहे!"

"पण तोंडावर सांगितलं ना?" एक बहीण म्हणाली. "गावातले लोक तेवढंही सांगत नव्हते."

"शिवाय इंजेक्शन नाही, औषध नाही," दुसरी म्हणाली. "मरायचं तर कसं, निरोगी मरावं."

सगुणाला मरायचंच नव्हतं. आजारी नाही आणि निरोगीही नाही. तिला अजून पुष्कळ दिवस मातीत लोळायचं होतं. ती त्या दिवशी जेवली नाही. बहिणींनी तिचा वाटा खाल्ला.

इकडे तात्यांनी वाघोबांना जेवायचं आमंत्रण धाडलं. त्या जंगलात कुणी काही चांगलं केलं की ते वाघोबांना दाखवावं लागे. त्याशिवाय ते चांगलं ठरत नसे.

आता कोंबडी कापायची तर आदल्या दिवशी तिला खायला घालत नाहीत. तिच्या गळ्याखालची अन्नाची पिशवी रिकामी लागते. ती भरलेली असली तर मांस नासतं, असं बगळ्यानं बजावलं होतं. म्हणून तात्या खुराड्यापाशी आले आणि म्हणाले, "पोरींनो, उद्या तुमचा उपास."

सगुणाला सगळं कळलं. पण काकींचे चतुर्थीचे उपास तिनं पाहिले होते. त्या दिवशी काकी रोजच्यापेक्षा जास्त जेवत. त्यामुळे तिच्या तोंडून आपोआप निघालं, "उपासाला काय आहे?"

"काय आहे म्हणजे? काही नाही. उपास आहे."

"खिचडीसुद्धा नाही?"

हे काकींनी आतून ऐकलं. त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"अहो, उपास धरायला लावता आणि उपासाचं काही करत नाही? लोक काय म्हणतील? या घरात उपासाला कुणी उपाशी राहिलंय का आजवर?"

तात्यांनी आठवून पाहिलं. खरंच कुणी राहिलं नव्हतं.

काकींनी साबुदाण्याची खिचडी केली. वरीचे तांदूळ केले, दाण्याची आमटी केली, रताळ्याचा कीस केला. वर एकेक केळं दिलं. कोंबड्या जेवल्या आणि जिथल्या तिथं बसल्या. सकाळी तात्यांनी चाचपून पाहिलं, तर प्रत्येकीची पिशवी रोजच्यापेक्षा टम्म. वाघोबांना निरोप गेला, जेवण पुढे ढकललं आहे.

"उद्या पुन्हा उपास," तात्या म्हणाले. "आणि या वेळी कडक."

"उद्या सोमवार ना?" सगुणा म्हणाली. आता तिला मार्ग सापडला होता. "सोमवार मी धरलाच आहे, तात्या. शंकराचा. पण कडक झेपत नाही, फराळाचा धरलाय."

पुढे मंगळवार गणपतीचा निघाला, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. मधल्या वारांना चतुर्थी नाहीतर एकादशी सापडायची. काहीच सापडलं नाही तर सगुणा नवस बोलायची आणि त्याचा उपास धरायची. बहिणींना खिचडी आवडली होती, त्यामुळे त्याही भाविक झाल्या.

"अगं, मला सांग, सरळ भरल्या पोटी कापली तर काय होईल?" तात्यांनी एकदा काकींना चाचरत विचारलं.

"धरलेला उपास आणि मोडायचा? तोही मान मोडून?" काकी कडाडल्या. "माझ्या घरात नाही चालायचं!"

तात्या बादलीपाशी जाऊन बसले. बादलीचा एक वेगळाच घोर होता. विरजण जिवंत ठेवायचं तर रोज नवं खाद्य लावणं भाग होतं, आणि उपासाला धान्य चालत नाही म्हणून कोंबड्या त्याला शिवत नव्हत्या. अन्न टाकून देणं तात्यांच्या जिवावर येई. मग ते स्वतःच खात. आधी वाटीभर खाल्लं, मग तपेलीभर. पुढे पुढे सगळी बादली तेच संपवू लागले. तात्या चांगले गरगरीत झाले. चालताना त्यांची चकाकी लांबून दिसायची.

अशात नवरात्र आलं. वाघोबाही नवरात्राचे उपास करत. देवीचं वाहन म्हटल्यावर करावेच लागतात. त्यांना आता जेवायला कसं बोलावायचं, या विचारात तात्या बादली ढवळत बसले होते आणि अचानक पळी टाकून उठले.

"अगं! या कोंबड्या इतके दिवस काय खातायत?"

"साबुदाणा, वरी, रताळी, दाणे," काकी म्हणाल्या.

"आणि बगळा काय म्हणतो? तिच्या पोटात जाईल तेच आपल्या पोटात. म्हणजे ही कोंबडी खाल्ली काय आणि साबुदाणा खाल्ला काय, एकच. अगं, ही उपासाला चालणारी कोंबडी झाली! आणि उपासाचंच खाऊन भरलेली पिशवी, तिनं काय नासायचंय?"

काकींनी बराच विचार केला. त्यांना त्यात काही खोट दिसेना. "करताना मीठ तेवढं सैंधव घालू," त्या म्हणाल्या.

सगुणाला रडू फुटलं. ज्या उपासांनी तिला आजवर जगवलं, त्यांनीच तिला ताटात नेऊन ठेवलं होतं. बहिणींनी तिची समजूत काढली. जंगलात कुणालाच न मिळालेला मान आपल्याला मिळतोय, असं त्या म्हणत होत्या.

वाघोबांना निरोप गेला, "सरकार, उपासाला चालणारी कोंबडी केली आहे, यावं." वाघोबा येतो म्हणाले. पण मुलांनो, मोठ्या लोकांना बोलावलं की ते उशिरानंच येतात. वाघोबा नवरात्र संपल्यावर आले. दसरा होऊन दोन दिवसांनी, बुधवारी.

काकींनी पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. सरकारांनी पसंत केली की मगच कोंबडी कापायची, म्हणून नमुना म्हणून सगुणाला ताटाशेजारी उभं केलं. तिनं डोळे मिटून घेतले.

"सरकार, बघा," तात्या छाती काढून म्हणाले. "उपासाला चालते."

"उपासाला?" वाघोबांनी अशी डरकाळी फोडली की रांगोळी उडाली. "उपास परवाच सुटला! नऊ दिवस साबुदाणा खाऊन माझी जीभ मेली आहे. आणि आज तू मला पुन्हा उपासाचं वाढतोस?"

"कोंबडी आहे हो, सरकार."

"कशावर वाढली?"

आता तात्या खोटं बोलत नसत. "साबुदाण्यावर," ते पुटपुटले.

वाघोबांनी ताट लांब सरकवलं. "मला धान्याचं पाहिजे. जिभेला चव येईल असं, जरा आंबट, जरा खमंग."

सगुणानं एक डोळा उघडला. आणि ती बोलली. "सरकार, या घरात धान्य आंबवतात. बुडबुडे येईपर्यंत."

"असं? आणि ते खातं कोण?"

इथं तात्यांनी गप्प बसायला हवं होतं. पण आपण काय खातो हे कुणी आपणहून विचारावं, याची तात्या किती दिवस वाट बघत होते. आजवर कुणी म्हणजे कुणी विचारलं नव्हतं. त्यांना भरून आलं.

"मी, सरकार! मीच खातो!" ते पुढे होऊन म्हणाले. "मका, बाजरी, ज्वारी. विरजण घरचं. दिवसातून दोनदा ढवळलेलं."

"औषधं वगैरे?"

"नावसुद्धा नको."

"बंदिस्त की मोकळा?"

"मोकळा! दिवसभर उन्हात. आणि शीट तर अशी, सरकार, की दाखवतोच तुम्हाला."

"राहू दे. जरा जवळ ये."

तात्या जवळ गेले. वाघोबांनी शेपटीकडून सुरुवात केली.

"आंबट लागतोय का?" तात्यांनी मान वळवून विचारलं.

"नाही," वाघोबा तोंडात घास असताना म्हणाले. "बेताचा आहेस."

"बघा! हिला पटत नव्हतं," तात्या म्हणाले. हे त्यांचे शेवटचे शब्द. ते फार समाधानानं गेले.

वाघोबांनी हात धुतले, पोट हलकं वाटतंय म्हणाले आणि गेले.

काकी रडल्या. बादलीजवळ बसून पुष्कळ रडल्या. पण सकाळपासून पाहुण्याच्या गडबडीत त्यांच्या पोटात काही नव्हतं. रडून रडून त्यांना कडकडून भूक लागली. त्यांनी डोळे पुसले आणि सगुणाकडे पाहिलं.

"आज वार कोणता ग?"

बुधवार होता. चतुर्थी नव्हती, एकादशी कालच होऊन गेली होती. नवससुद्धा सुचेना, इतकी सगुणा घाबरली होती. मग तिची नजर त्या मोकळ्या पाटावर गेली.

"काकी," ती हळूच म्हणाली, "घरात सुतक आहे ना?"

काकींनी जीभ चावली. "हो ग बाई! सुतकात कुठलं आलंय असलं काही."

तेव्हा सगुणा मातीत बसली आणि तिनं गळा काढला. पंख आपटून आपटून ती रडली. तात्यांसाठी त्या दिवशी जंगलात तिच्याइतकं मनापासून कुणीही रडलं नाही.

तात्पर्य: सकस खावं, पण आपण काय खातो ते चारचौघांत सांगू नये. ऐकणाऱ्यांत एखादा अजून जेवायचा असतो.