चांदणी काढल्याशिवाय चहा नाही

सापगावात गायकवाड सरांकडे चहा प्यायचा असेल, तर आधी पाटीवर चांदणी काढावी लागते. पाच टोकांची, खडू न उचलता. सिलिंडरवाला असो, वीजबिल आणणारा असो की लग्नपत्रिका घेऊन आलेले पाहुणे असोत, सर दारातच पाटी पुढे करतात. "काढ रे, अमोनिया बघू तुझा." चांदणी तपासून झाली की दुसरा प्रश्न, तोही चारचौघांत, "सकाळी पोट साफ झालं का?" मतं मागायला आलेल्या एका उमेदवाराच्या चांदणीला सहा टोकं निघाली. दहा कार्यकर्त्यांसमोर सरांनी त्याला पोटाची हकिगत विचारली आणि पालेभाजी वाढवायला सांगितली. तेव्हापासून तो रस्त्यावरूनच हात जोडतो.

सर मुरबाडच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. ते निवृत्त झाले, पण पेशीला काही त्यांनी निवृत्त होऊ दिलं नाही. मी त्यांचा शेजारी, त्यामुळे तिचा सगळा संसार मला तोंडपाठ आहे. पेशीला ताकद पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियात म्हणे एक एन्झाइम ग्लुटामिन फोडून अमोनिया सोडतं आणि दुसरं त्याला आवर घालतं.

"आपला पाणीवाला व्हॉल्व फिरवतो ना, तसं," सर सांगतात. "थोडा अमोनिया लागतोच. तो वाढला की पेशीला कळतं, आता घरातलंच जुनं मोडायचं नि त्याचंच नवं करायचं. पण जास्त झाला तर घात. म्हणून यकृताच्या मायटोकॉन्ड्रियात त्याला पकडणारं एन्झाइम बसलंय. ते दमलं की अमोनिया थेट डोक्यात."

इथवर आले की सर हमखास विषय सोडून कोरी पाटी पुन्हा पुसत बसतात. मला वाटायचं, पुढचं विसरले असतील.

पेशीचा कित्ता त्यांनी घरातही गिरवला आहे. भंगारवाल्याने त्यांच्या दारावर ओरडणं कधीच सोडलं. जुन्या पंख्याच्या जाळीत कांदे आहेत, सायकलच्या ट्यूबवर कपडे वाळतात. त्यांच्या बायकोच्या, सुमनकाकूंच्या, शिलाई मशीनच्या सांगाड्यावर फळी ठोकून जेवायचं टेबल केलंय. जेवताना सर नकळत खालचा मशीनचा पायटा मारत राहतात आणि ताटातलं वरण हिंदकळतं. काकू म्हणतात, "पन्नास ब्लाउज शिवून झाले असते तुमच्या जेवणात."

मध्यंतरी एका रविवारी माझे सासरे वैशाखऱ्याहून आले होते. त्यांना कौतुकाने सरांकडे नेलं, तर सरांनी त्यांच्याही हातात पाटी दिली आणि वर पोटाचं विचारलं. सासऱ्यांचा चेहरा पडला. माझं डोकंच फिरलं. मी म्हणालो, सर, आता पुरे करा. घरी आलेल्या माणसाची परीक्षा कसली घेता, हा निव्वळ वेडेपणा आहे.

काकू खडू घेऊन उभ्या होत्या, सासऱ्यांनंतर त्यांची पाळी होती. त्यांनी खडू खाली ठेवला. "बरोबर बोलला तो. मी पण नाय काढणार आजपासून," म्हणाल्या आणि आत गेल्या.

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. दंडाला धरून ते मला परसात घेऊन गेले.

"तिचं यकृत गेलंय रे," ते हळू आवाजात म्हणाले. "अमोनिया वाढला की आधी चांदणी मोडते. मागे दोन दिवस मला वळखत नव्हती. डॉक्टर म्हणाले, रोज चांदणी काढून घ्या, पोट तुंबू देऊ नका, त्यानंही अमोनिया वाढतो. पण एकटीला पाटी दिली की रडायची. मला येडी ठरवताय म्हणायची. मग मी सगळ्यांनाच काढायला लावली."

मला माझीच लाज वाटली. पाच वर्षं मी या माणसाच्या नकला करून ऑफिसात टाळ्या मिळवल्या होत्या.

रात्री सासऱ्यांना सगळं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांना घेऊन पुन्हा गेलो. पाटी आपणहून मागितली. माझी झाली. सासऱ्यांनी टोपी काढून ठेवली आणि मोठ्या जोखमीचं काम असल्यासारखी चांदणी काढली. काकू दाराच्या चौकटीत उभ्या होत्या, पुढे येत नव्हत्या. मला काय सुचलं कोण जाणे, मी पाटी सरांच्या हातात दिली. म्हटलं, सर, तुमची राहिली.

इतक्या वर्षांत त्यांना कोणी चांदणी मागितली नव्हती. ते खाली बसले. काकू बघत होत्या, त्यामुळे असेल, सर पाटीपेक्षा दाराकडेच जास्त बघत होते. शेवटची रेघ पहिल्या टोकापर्यंत पोचलीच नाही, बोटभर अलीकडे थांबली.

काकू पुढे आल्या. पाटीवर वाकल्या. मग सरांच्या हातातून खडू घेऊन त्यांनी ती रेघ टोकाला नेऊन जोडली आणि शेजारी स्वतःची चांदणी काढली. पाचही टोकं नीट जुळली होती. सरांनी रोखून धरलेला श्वास सोडलेला आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"ह्यांचाच अमोनिया वाढलाय," काकू मला म्हणाल्या. मग सरांकडे वळून, सगळ्यांसमोर, त्यांनी विचारलं, "सकाळी पोट साफ झालं का?"

"झालं," सर म्हणाले आणि चष्मा काढून पाटी पुसायच्या फडक्यानेच पुसायला लागले. काकू चहा ठेवायला आत गेल्या.