मोठ्या मापाचा ढीग

"जहाजावर माह्या कपड्याले कोणी हात लावायचा नाही! माह्ये कपडे मीच धुईन!"

बाबांनी ही घोषणा केली तेव्हा जहाज मुंबईत होते, आम्ही अमरावतीत होतो आणि निघायला अजून बराच अवकाश होता. बॅग मात्र भरून तयार! माझे बाबा म्हणजे वामनराव गावंडे. मोर्शीच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला, समुद्र मात्र नकाशावरच जास्त पाहिला. त्या रविवारी ते एकेका सदऱ्याच्या कॉलरीत काळ्या शाईने आपले नाव आणि गाव लिहीत बसले होते.

"गाव काहून लिहून राहिले?" आईने स्वयंपाकघरातून विचारले.

"हरवला तं? समुद्र केवढा असते, माहीत आहे का तुले?"

"समुद्र काय करीन तुमच्या लेंग्याचं? घालीन?"

मी हसून हसून दुखरे पोट घेऊन संध्याकाळच्या गाडीने अकोल्याला परतले. सोमवारी सकाळी माझ्या भावाचा, बंडूचा फोन आला. त्यापुढचे इथे नको. ही गोष्ट जहाजावरच्या धुण्याची आहे.

तर, पुढे बंडूनेच खटपट करून आमच्या सहलीच्या तारखा बदलून घेतल्या, एक तिकीट कमी केले आणि आई नि मी जहाजावर चढलो. खोली उघडून पाहते तो काय, आमच्या दोन बॅगांशेजारी तिसरी! बाबांची!

"आई, ही काहून आणली?"

"भरलेली होती," आई म्हणाली. जणू भरलेली बॅग घरी ठेवणे हा गुन्हाच!

दुसऱ्या दिवशी मी डेकवर पुस्तक घेऊन बसले आणि तेवढ्यात आईने बॅग उघडली. बंद राहून कपड्यांना कुबट वास लागला होता. "धुवून टाकतो, मंग देता तरी येतीन कोणाले," असे म्हणून तिने गठडे उचलले आणि प्रवाशांसाठी असलेल्या धुलाईच्या खोलीत गेली. तिथली यंत्रे कापसाच्या जिनिंगच्या कारखान्यासारखी धडधडत होती म्हणे. धुणे झाले, वाळवणे झाले. पण शेजारची यंत्रे थांबलेली, आत लोकांचे वाळलेले कपडे चुरगळून पडलेले आणि त्यांच्या मालकांचा पत्ता नाही! आईच्याने ते पाहवेना. तिने सगळ्या यंत्रांची पोटे मोकळी केली आणि एकूण एक कपडा घडी करून ठेवला.

इथपर्यंत ठीक होते. पण माझी आई सत्यभामा ही मोर्शीच्या संत्रा बागायतदाराची मुलगी! फळांचा तोडा झाला की माल निवडायला बसणे हे तिचे लहानपणापासूनचे काम. तिथे संत्रे कोणत्या झाडाचे हे कोणी पाहत नाही. आकार पाहतात! आईने कपड्यांचे तीन ढीग लावले. लहान, मध्यम, मोठा. बाबांचेही त्यातच घातले आणि समाधानाने मला बोलवायला आली.

"चाल, पाहून घे. असा माल लावला की व्यापारी खुश होईन!"

आम्ही पोचलो तोवर निम्मे व्यापारी येऊन गेले होते! एक बाई रडवेल्या चेहऱ्याने परकर उलगडून पाहत होत्या, एक गृहस्थ दुसऱ्याच्या टॉवेलवर हक्क सांगत होते. अमरावतीच्या राजकमल चौकात सिग्नल बंद पडल्यावर होतो तसा देखावा! मोठ्या मापाच्या ढिगात बाबांचे लेंगे सापडले, बनियन सापडले. सदरे मात्र एक सोडून सगळे. तो निळ्या चौकडीचा, जो ते सणावाराला घालायचे, तो नव्हता.

"जाऊ दे वं," आई म्हणाली. "देऊनच टाकाचा होता ना."

"द्यायचा होता, हरवायचा नव्हता!" मी इतक्या मोठ्याने ओरडले की परकरवाल्या बाईंनी हातातला परकर खाली ठेवला.

त्या सदऱ्यासाठी मी सगळे मजले पालथे घातले. लोकांच्या पाठींकडे निरखून पाहत फिरणाऱ्या बाईकडे लोक कसे पाहतात ते मला त्या दिवशी कळले. शेवटी हताश होऊन जेवायला बसलो आणि भिंतीतल्या भोंग्यातून गोड आवाज आला, "श्रीमान वामनराव गावंडे, अमरावती! आप जहाँ भी हों, कृपया रिसेप्शन पर आइए!"

आईचा घास हातातच राहिला.  "आप जहाँ भी हों!" पुन्हा एकदा आवाज आला. मी उठून धावत सुटले.

रिसेप्शनसमोर बाबा पाठमोरे उभे होते. तीच निळी चौकडी, सदऱ्याची तीच थोडी वर आलेली उजवी बाजू. मग ते वळले आणि त्यांना भरघोस मिशा निघाल्या!

"मी चोपडे. कोल्हापूर," मिशा म्हणाल्या. "मला अण्णा म्हंत्यात. ताई, ह्यो शर्ट तुमचा का? घाईत घातला बघा. कॉलर टोचाय लागली म्हणून उलटून बघतो तर नाव!"

"माझ्या वडिलांचा आहे."

"मग त्यांना बोलवा की! दुसऱ्याचा शर्ट घातला, माफी नको मागाय?"

आता इथे एक साधे वाक्य बोलायचे होते. पण ते वाक्य मी तोवर कधी बोललेच नव्हते. घरी बंडू फोन करून सांगत होता, शेजारी एकमेकांना सांगत होते, मी येणाऱ्यांसाठी चहा करत होते. मला त्याची सवयच नव्हती!

"ते झोपलेत," मी म्हणाले.

"दुपारचं? बरं नाही काय?"

"बरंय. जेवण जास्त झालं."

"कोणत्या केबिनमध्ये झोपलेत?" काउंटरवरच्या मुलीने हिंदीत विचारले. मी नंबर सांगितला. तिने पडद्यावर पाहिले, माझ्याकडे पाहिले, पुन्हा पडद्यावर पाहिले. "मॅडम, आपके केबिन में तो दो ही लोग हैं। दोनों लेडीज!"

"हो. म्हणजे... ते तिकीट नाही काढलं त्यांचं."

माझ्या आयुष्यात इतके मूर्ख वाक्य दुसरे नसेल! मुलीने फोन उचलला. मी खोलीकडे निघाले, मागून अण्णा निघाले. वाटेत त्यांनी माफीसाठी म्हणून फळांची टोपली उचलली. जिन्यापाशी दांडग्या खांद्यांचा सुरक्षा अधिकारी आमच्यात सामील झाला, त्याच्या मागे आणखी एक. आमची वरातच निघाली!

मी दार उघडले. जेवणावरून उठून आमच्या आधीच खोलीवर परतलेल्या आईने सदऱ्या-लेंग्यांच्या इस्त्रीसाठी घरचाच उपाय केला होता. बाबांचे कपडे पलंगावर नीट पसरून, वर चादर घालून, त्यावर ती स्वतः बसली होती. चादरीखालून लेंग्याचे दोन पाय बाहेर आले होते.

"ये कौन है?" अधिकारी दचकून म्हणाला.

"लेंगा आहे," आई म्हणाली.

त्याने चादरीचे टोक उचलून पाहिले. लेंगाच होता. मग त्याने कपाट उघडले, न्हाणीघरात डोकावला, वाकून पलंगाखाली बॅटरी मारली. "मॅडम, सच बताइए। आदमी को कहाँ छुपाया है?"

"काय वं, दीपमाला? कोण आदमी?" आई मला विचारू लागली.

"वामनराव साहेब!" अण्णांनी न्हाणीघराच्या दारातून हाक मारली. "भिऊ नका, या बाहेर! तिकिटाचं काय ते मी बघतो!"

आईने माझ्याकडे पाहिले. काय घडले असेल ते तिला कळले असावे. कारण ती बाजूला सरकली आणि तिने माझ्यासाठी पलंगावर जागा केली. मी बसले नाही.

"अण्णा, नका हाक मारू," मी म्हणाले. "माझे बाबा वारले."

मोठ्याने म्हणाले बहुतेक, कारण बाहेर बोळात चालणारी माणसे थांबली. अण्णांनी टोपली खाली ठेवली. पलंगाखालून अधिकारी गुडघे झटकत उठला.

"क्या बोलीं मॅडम? मराठी नहीं आती मुझे।"

मग मी ते त्याला हिंदीतही सांगितले.