चादरीपलीकडची चूल

सासूबाईंनी स्वयंपाकघराच्या मधोमध चादर टांगली आणि सुनेला बजावलं, "आजपासून दोन वर्षं आपलं बोलणं नाही."

"आजपासून, की दोन वर्षांपासून, आई?"

"तेच ते! तपासणीला येणाऱ्या साहेबांसमोर शहाणपणा केलास तर बघ."

सरकारनं सवलतीच्या गॅसला कात्री लावली होती. एका चुलीला एकच स्वस्त सिलिंडर. या घरात दोन होते. दुसऱ्यावर सासूबाईंचं आंघोळीचं पाणी तापायचं, तेही दोन्ही वेळा. दोन वर्षांपूर्वीच भांडून चुली वेगळ्या केल्याचं लिहून देत त्यांनी कागदावर घर फोडलं, पण कढत पाणी सोडलं नाही. आता खोटं उघडं पडलं, तर दोन्ही सिलिंडर जाणार होते.

तपासनीस आला. चादरीच्या अलीकडे डोकावला, पलीकडे डोकावला. "दोन्ही शेगड्या पेटवून दाखवा. चहाच टाका."

सुनेची शेगडी भप्पकन पेटली. सासूबाईंचा सिलिंडर घाईत न्हाणीघरातून आणलेला, जोडायचाच राहिलेला. सून आल्यापासून त्यांनी शेगडीला हात लावला नव्हता. त्यांनी रेग्युलेटर दाबला, पिळला, वरून बुक्की मारली. तपासनीसाचं पेन थांबलं.

"रोज तुम्हीच करता ना स्वयंपाक?"

सासूबाईंनी रेग्युलेटर उलटा धरून पुन्हा दाबला.

तेवढ्यात चादरीपलीकडून सून कडाडली, "काही माणसांचा नुसता जोर! आधी कडी वर उचलावी, मग दाबावं. पण कुणाचं ऐकतील तर शपथ!"

"ऐकलंत साहेब? सारखी अशी घालूनपाडून बोलते!" बोलता बोलता कडी वर गेली, रेग्युलेटर बसला.

"आणि बटण फिरवल्याशिवाय गॅस येतो का कुठे? अक्कल लागते!"

"माझी अक्कल काढतेस?" सासूबाईंनी बटण फिरवलं. शेगडी पेटली.

तपासनीस दोन्ही चहा प्यायला. सासूबाईंचा, डोळे मिटून. "इतकं खरं भांडण अख्ख्या नोकरीत पाहिलं नाही. दोन चुली मंजूर. मात्र अधूनमधून न सांगता येऊन बघेन हं."

दार लागताच सासूबाई म्हणाल्या, "काढ गं ती चादर, आणि जेवायला वाढ."

पलीकडे सून कांदा चिरायला बसली.

"अगं, गेला तो मेला!"

"कधीही परत येईल की," सून आपल्या शेगडीला सांगितल्यासारखं म्हणाली. पलीकडे कांदा चुरचुरला. घरभर वास सुटला. अलीकडे सासूबाई, भरलेला सिलिंडर आणि पातेल्यात कोरडे तांदूळ.

त्यांनी पातेलं हलवून पाहिलं. मग घसा खाकरून, चादरीकडे पाठ करून गरजल्या, "काही माणसांना तांदळात पाणी किती घालायचं, तेवढं तरी कळतं का?"