गवई मॅडमच्या निळ्या मिरच्या

डोणगावात एका लग्नात गवई मॅडमनी आहेराचा मिक्सर मांडवातच खोलला. नवरदेव बघतच राहिला. मॅडम पर्समधला पेचकस पुसत म्हणाल्या, “आतून पाह्यल्याबिगर वस्तू आपली कशी म्हनाव?”

मॅडम आयटीआयमध्ये शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्याच राहणाऱ्या. मी नववीत शाळा सोडलेला, दापोलीकडचा; टीव्ही दुरुस्त करत इथवर आलो. त्यांनी प्रमाणपत्र न मागता सोल्डरिंगला ठेवलं, हे उपकारच. पण पहिल्याच दिवशी धसका बसला. बाई घरात ग्राफिक्स कार्ड बनवत होत्या! संगणकातलं चित्र पडद्यावर आणणारं कार्ड. का, तर विकतच्या कार्डाच्या आत काय चालतं ते कंपनी सांगत नाही. मॅडमच्या कार्डावरची चिप कोरी होती. तिच्यात लिहाल तशी जोडणी होते. नाही पटली तर पुसा, परत लिहा. वर सगळे नकाशे इंटरनेटवर फुकट टाकणार. कोणीही घ्या, बनवा. मला वाटलं, बाईंना काहीतरी झालंय.

मग त्यांनी मलाच बोर्डावरच्या, भागांना जोडणाऱ्या तांब्याच्या रेषा आखायला शिकवलं. पाच कोरे बोर्ड बनून आले. मी एकावर सगळे भाग जोडले. मॅडमनी पडद्यावर लाल मिरच्यांचा फोटो लावला.

मिरच्या निळ्या आल्या.

मी बोर्ड उलटून पाहिला. खालच्या बाजूनं पाहतोय हे विसरून मी रेषा आखल्या होत्या; डावं ते उजवं झालं होतं. लाल आणि निळ्याची अदलाबदल झाली होती. पाचही बोर्डांत. मी मनातल्या मनात पिशवी भरली.

“मस्त दिसून राह्यल्या बे,” मॅडम म्हणाल्या आणि चिपमधली जोडणी बदलून लिहायला बसल्या. चहा निवायच्या आत मिरच्या लाल.

पुढं नकाशे इंटरनेटवर गेले. परदेशातून कुणीतरी विचारलं, या रेषा उलट्या का? मॅडमनी दिलेलं उत्तर मी मोबाइलवर मराठी करून वाचलं आणि खाटेवर बसलो. ‘रेषा मी आखल्या, चूक माझी. सोल्डरिंग माझ्या सहकाऱ्याचं.’ पुढं माझं पूर्ण नाव.

सगळं उघडं ठेवणारी बाई खोटं लिहिते? मी विचारलंच.

“मंग? तुह्या नावावर चूक दिसली, त पुन्यात तुले काम कोन देईन?”

मी म्हटलं, मला पुण्याला जायचंच नाही.

“जाशीन. शिकले का सारेच जातेत.” मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “चार बोर्ड जोडाचे हायेत अजून. तवर त राह्यशीन?”

त्या दिवशी मी एकही बोर्ड जोडला नाही.