आण्णांच्या मशीनमधला हात

बोल्ट सिलेक्ट करण्याआधी शेजारच्या पार्टांची परवानगी काढणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी रोज पाहते. वाल्मीक आण्णा माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसतात. "सरका हो जरा," असं स्क्रीनला म्हणतात आणि वरचं कव्हर अदृश्य करतात. मग गिअर सरकतो, मग ब्रॅकेट. सगळ्यांच्या मागे दडून बसलेला बोल्ट दिसला की, "हां, सापडला बघा," म्हणून त्याच्यावर एक हलकी क्लिक. बोल्ट हिरवा होतो, आण्णा खूश होतात. पुढच्या बोल्टासाठी पुन्हा पहिल्यापासून, "सरका हो जरा."

ज्यांना आमचं काम ठाऊक नाही त्यांना सांगते. सिल्वासातल्या एका कारखान्यासाठी आम्ही पॅकिंगची मशिनं कॉम्प्युटरवर जोडतो. प्रत्येक पार्ट वेगळा काढायचा आणि सगळे एकत्र बसवून अख्खं मशीन उभं करायचं, त्याला असेंब्ली म्हणतात. आता पन्नास बोल्ट एकदम बदलायचे असतील तर माउस दाबून त्यांच्याभोवती चौकोन ओढायचा, की सगळे एका झटक्यात सिलेक्ट! पण आण्णांना ते पटेल तर शपथ. "जाळं टाकून मासोळ्या धरतात ताई. पार्टाला एकेकाला भेटावं लागतं."

मी नाशिकची, तोंडानं फटकळ आणि भलतीच घायकुती. सुरुवातीला माझं डोकं उठायचं. पण जेवणानंतरची ती दुपार! एसीची एकसुरी घरघर, पडदे ओढलेले, आणि आण्णांच्या स्क्रीनवर सावकाश फिरणारं मशीन. बाहेरचे पत्रे त्यांनी काचेसारखे आरपार केलेले असतात. "मी आत चाललो ताई," ते हळूच सांगतात, आणि जातात की हो खरंच! डोळे अर्धे मिटलेले, मान कललेली, शाफ्टच्या कडेकडेनं, पट्ट्याखालून वाकून. अर्ध्या तासानं परत येतात ते बातमी घेऊन. "मोटरच्या मागे लय मोकळं आहे. वारा येऊ राहिला. खालच्या अंगाला मात्र अंधार आहे माय, तिथे फिटरनं पाना कसा फिरवायचा?" ऐकता ऐकता मला पेंग यायची, आणि पेंगेत मीही त्या मशीनमधून हिंडून यायची. जागी झाल्यावर कितीतरी वेळ हाताला तेलाचा वास येतोय असं वाटायचं.

पण आण्णा आत एकटे जात नसत. आमच्या मोठ्या मशीनच्या असेंब्लीत त्यांनी एक हात ठेवला होता. मनगटापासून बोटांपर्यंत पूर्ण, नखांसकट. प्रत्येक बोल्टापाशी ते तो नेऊन बघत. हात जातो का? बोटं वळतात का? नाही जमलं तर बोल्टाची जागा बदलत. हाताची वेगळी फाईल नव्हती. "राहू दे त्याला मशीनच्या आतच," म्हणायचे. सर्व्हरवर कॉपी टाकताना तेवढा हात तिच्यातून वगळत, कारण पोरं हसायची. मीही हसायची, खोटं कशाला बोलू?

मागच्या महिन्यात पुण्याहून आलेल्या नव्या साहेबांनी वापीच्या गिऱ्हाइकाला मशीन दाखवायला मोठा पडदा लावला. नेमकी आण्णांच्या कॉम्प्युटरवरची फाईल उघडली. मशीन दिमाखात फिरलं, झाकण उघडलं, आणि आतून एक हात बाहेर! गिऱ्हाईक शांतपणे गुजरातीत म्हणालं, "आ हाथ पण साथे आवशे?" म्हणजे, हा हातही सोबत येणार का?

सगळी खोली हसून फुटली. साहेबांचे कान लाल झाले. संध्याकाळी त्यांनी आण्णांना सुनावलं, "शनिवारी फायनल फाईल जाणार. हात काढून टाका."

"लपवतो ना साहेब."

"लपवायचा नाही. काढायचा."

आण्णा कधी कुणापुढे हात जोडत नाहीत. त्या दिवशी जोडले. "बोल्ट बदलायचे राहिलेत साहेब. तेवढे तपासून होईस्तोवर राहू द्या. शनिवारी मी स्वतः त्याला बाजूला काढून ठेवतो." साहेब मानेनंच बरं म्हणाले.

शनिवार उजाडला. दुपारचे तीन वाजले तरी आण्णांचं "सरका हो जरा" चालूच. चाळीसेक बोल्ट बाकी. साहेबांचे दोनदा निरोप आले. आण्णा तोंडावर पाणी मारायला उठले, आणि माझ्यातली परोपकारी बया जागी झाली. म्हटलं, बिचाऱ्यांना सोडवू या. बसले त्यांच्या खुर्चीवर, बाकीचे मोठे पार्ट अदृश्य केले आणि ओढला चौकोन.

आमच्या सॉफ्टवेअरची एक खोड आहे. चौकोन डावीकडून ओढला तर पूर्ण आत आलेलेच पार्ट सिलेक्ट होतात. उजवीकडून ओढला तर चौकोनाला नुसता स्पर्श झालेलाही येतो. हे मी नव्या मुलांना शिकवते. आणि घाईत मीच उजवीकडून ओढला. सगळं हिरवंगार झालं, मी नीट बघितलंही नाही. जुने डिलीट, नवे बोल्ट जागेवर, सेव्ह, फाईल बंद, साहेबांना रवाना. दहा मिनिटांत काम फत्ते.

आण्णा आले. "झालं बघा!" मी टेचात म्हटलं. त्यांनी फाईल उघडली. डावीकडची पार्टांची यादी वरपासून खालपर्यंत वाचली. मग खालून वर.

"ताई, हात कुठे आहे?"

"गेला असेल बोल्टांबरोबर. नाहीतरी काढायचाच होता ना? सुटलात!"

ते हसले नाहीत. "दुसरीकडे कुठेच नव्हता गं तो," एवढंच म्हणाले आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले. मग म्हणाले, "सुमनचा होता."

सुमनकाकू म्हणजे त्यांची बायको. दोन वर्षांपूर्वी तापानं गेल्या, एवढंच मला माहीत होतं. आमलीच्या एका कारखान्यात त्या मोटरी जोडायच्या, हे त्या दिवशी कळलं. रोज बोटांची सालटं काढून घरी यायच्या आणि नवऱ्यावर डाफरायच्या, "कोणत्या मेल्यानं काढलंय हे चित्र? त्याला म्हणावं, एकदा माझा हात घालून बघ!" एका रविवारी सामरवरणीच्या राहत्या खोलीत आण्णांनी व्हर्नियरच्या मापाच्या चिमट्यात धरून त्यांची बोटं मोजली. गार लोखंड लागलं की त्या खिदळायच्या.

"फोटो आहेत गं," आण्णा म्हणाले. "पण फोटोतला हात कुठे जातो? हा माझ्यासंगं आत यायचा."

मला रडूच फुटलं. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. किती हसले होते मी त्या हाताला! डोळे पुसत विचारलं, "आण्णा, मापं लिहिलीत कुठे?"

"लिहायची कशाला?" त्यांनी डोळे मिटले. "अंगठा घे आधी."

मी नवी फाईल उघडली. या वेळी वेगळी, आणि आधी तीन ठिकाणी सेव्ह केली. आण्णा सांगत गेले, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापर्यंत. तर्जनीचं पेर. अनामिकेवर अंगठीनं पडलेला चर. करंगळी जराशी आत वळलेली, लहानपणी ओट्यावरून पडल्यामुळे. साहेब दारात आले, आमच्याकडे बघितलं आणि परत गेले. बाहेर शिफ्ट सुटली, आम्ही तिथेच.

बोटं झाली. मी विचारलं, "तळव्याची जाडी?"

आण्णांनी डोळे उघडले. "ती मोजली नव्हती. तेव्हा समोर होती ना सुमन. हात हातात धरून बघितला आणि तसाच स्क्रीनवर काढला."

"मग आता?"

मग त्यांनी आपला उजवा हात माझ्यापुढे धरला आणि बोटं हळूहळू वळवली. मूठ पुरती मिटली नाही, मध्येच थांबली. आत काहीच नव्हतं, पण ते काहीतरी नीट धरून होते.

"एवढा," ते म्हणाले.

मी ड्रॉवरमधून व्हर्नियर काढला आणि त्यांच्या मुठीतल्या रिकाम्या जागेचं माप घेतलं.